बहिणीच्या घरचं पाणी

माझी सून हल्ली दर रविवारी आमच्या शहरातल्या राइट टाउन भागात भरणाऱ्या एका बाजारात जाते. तिथे शेतकरी स्वतः येऊन भाजी विकतात, कोदो-कुटकीसारखी भरडधान्यं विकतात, आणि घेणारे त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात. घरी आली की ती मला शिकवते, "आई, आपल्या ताटातलं अन्न कोणी पिकवलं ते आपल्याला माहीत पाहिजे." मी हो म्हणते आणि तिच्या पिशवीतली मेथी निवडायला घेते. मेथी चांगली असते, त्याबद्दल वाद नाही. पण कधी कधी तिला सांगावंसं वाटतं, बाई गं, आम्हाला आमचा शेतकरी माहीत होता. त्याच्या बैलांच्या खोडींसकट माहीत होता. त्याला आम्ही माहीत नव्हतो, एवढंच.

आम्ही तेव्हा इथल्या हिंदी मुलखात, लष्करी सामान बनवणाऱ्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. चीनची लढाई होऊन गेली होती, पाकिस्तानची व्हायची होती, आणि फॅक्टरीचा भोंगा दिवसातून किती वेळा वाजायचा ते कोणी मोजत नव्हतं. आमच्या ओळीत निम्मी घरं मराठी होती. कोणी वर्ध्याकडचं, कोणी अमरावतीचं, कोणी खुद्द नागपूरचं. ओळ जिथे संपायची तिथे तारेचं मोडकं कुंपण होतं आणि त्यापलीकडे शेतं. बाबा फॅक्टरीच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर नकाशे काढायचे आणि संध्याकाळी त्या कुंपणाशी उभं राहून शेतांकडे बघायचे.

रेशनवर तेव्हा अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो नावाची एक ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि आई चुलीशी बसून अमेरिकेला शिव्या घालायची. एक दिवस तिनं कमालच केली. माहेराहून आणलेलं हुरड्याच्या ज्वारीचं बी पदरात बांधलं, कुंपण ओलांडलं आणि समोरच्या शेतात नांगर धरलेल्या माणसाला जाऊन म्हणाली, "भैया, ये इतना हमारे वास्ते बो दोगे क्या?" तो माणूस बी हातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. त्याच्या शेतात गहू, हरभरा आणि मटार व्हायचा. ज्वारी बैलांच्या चाऱ्यापुरती. पण त्यानं बांधालगतचा एक पट्टा आईच्या बियाण्याला दिला.

त्या हिवाळ्यात पहिला हुरडा झाला. सगळी मराठी ओळ शेतात. बायांनी लसणाची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ असं डब्यांतून नेलेलं. बाबांनी खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं खुपसली, आणि गरम कणीस दोन्ही तळव्यांत चोळून पहिले हिरवे दाणे त्या शेतकऱ्याच्या हातावर ठेवले. त्याच्या घरची माणसं दूर उभी राहून हसत होती. "जे नागपुरवाले पकने का भी सबर नईं करते," त्याची बायको म्हणाली. मग तिनंही खाल्ले. पुढच्या वर्षी पट्टा रुंद झाला होता, कोणी न सांगता.

हळूहळू सगळ्या ओळीचा स्वयंपाक त्या शेतावर चालायला लागला. भरताची वांगी तो आईच्या सांगण्यावरून लावायचा, तुरीच्या शेंगा सोलेभातासाठी कोवळ्या असतानाच तोडून द्यायचा, आणि वर म्हणायचा, "कच्चा खाओ, सब कच्चा खाओ." त्याच्या बायकोनं आईला महुआ, म्हणजे मोहाची फुलं, भाजून खायला शिकवलं, आईनं तिला पातोडीची भाजी. मिलो मात्र रेशनच्या दुकानात पडून राहिला तो राहिलाच.

तो माणूस आमचा मामा कसा झाला, ते सांगते. आईचा सख्खा भाऊ वर्ध्याकडे, त्याचं येणं कधी व्हायचं नाही. एका भाऊबीजेला हा वांगी घेऊन दारात आला आणि आईनं त्याला सरळ पाटावर बसवलं आणि ओवाळलं. तो आधी बावरला. त्याला वाटलं काही पूजा आहे आणि आपले पाय मातीचे आहेत. कळल्यावर मात्र त्यानं ते नातं आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. त्या दिवसापासून बाबा 'बाबूजी'चे 'जीजाजी' झाले. मामा आले की आधी बाबांच्या पाया पडायचे, आणि बाबा खुशीनं पडू द्यायचे.

आणि त्या दिवसापासून मामांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. त्यांच्याकडे भाऊ बहिणीच्या सासरी अन्न घेत नाही, पाण्याचा घोटही घेत नाही. द्यायचं, घ्यायचं नाही. आपल्यात तर आल्या माणसाला आधी पाणी. आईचा जीव खालीवर व्हायचा. भर वैशाखात माणूस टोपली उतरवून पायरीवर बसलाय, घामानं निथळतोय, आणि तांब्याकडे बघतसुद्धा नाही. "भाऊ, घोटभर तरी," आई म्हणायची. "नईं दीदी. बहन के घर का पानी है." मग शेजारच्या घरी जाऊन पाणी मागायचे. आई रडकुंडीला यायची. "माणूस जोडला की तोडला मी?" असं बाबांना विचारायची, आणि बाबा हसायचे.

तर अशा माणसाला जीजाजीचा शब्द म्हणजे काय असेल, ते सांगायला नको.

हुरड्याचाच दिवस होता. त्या वर्षी कणसं भरली होती, थंडी मनासारखी होती, पोरं आगटीभोवती हात काळे करून बसली होती. मामा बाबांच्या शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "काय जीजाजी, लोग कह रए हैं फैक्टरी इधर तक बढ़ेगी. हम कुआँ खोदने की सोच रए हैं. भाई लोग कहते हैं रुक जाओ. तुम बताओ, खोदें कि रुकें?"

मी बाबांच्या पुढ्यात बसून दाणे चोळत होते. मला अजून ते दिसतात. त्यांनी सुपातले दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले, आणि म्हणाले, "अरे, खोदो ना! लोग तो कुछ भी बोलते रहते हैं."

मामांनी मांडीवर थाप मारली आणि उठून भावांना सांगायला गेले. जीजाजींनी सांगितलं म्हटल्यावर विषयच मिटला.

त्यांनी विहीर स्वतः खोदली. मामा, त्यांचे भाऊ, घरातल्या बाया. काळी माती भराभर निघाली, मग मुरूम, मग खडक लागला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरच्या कोणी लग्नाकार्याला पाऊल ठेवलं नाही. घणाचे घाव आमच्या ओळीपर्यंत ऐकू यायचे आणि आई म्हणायची, "खोदून राहिले बिचारे." एका भावाच्या पायावर दगड पडला, तो कायमचा लंगडा झाला. शेवटी जेठात पाणी लागलं. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, आणि पहिली घागर कोणी काढायची? मान जीजाजींचा. बाबांनी पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली, दोर ओढला, ओंजळीनं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीठा है."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खूप जोरात. आपले बाबा म्हणजे कोणीतरी मोठे आहेत असं मला वाटलं होतं.

मग सप्टेंबरात लढाई लागली. काचांना काळे कागद लागले, भोंगा रात्रंदिवस, बाबा दोन-दोन पाळ्या करून घरी यायचे. रेडिओवर सैनिकाचा आणि शेतकऱ्याचा जयजयकार एकाच दमात चालायचा. देशासाठी धान्य वाचवा म्हणून आवाहन झालं आणि आमच्या ओळीत सोमवारी संध्याकाळी चुली पेटेनाशा झाल्या. पोरांनाही त्याचा अभिमान वाटायचा. भूक लागली की आम्ही सीमेवरच्या जवानांची नावं घ्यायचो. विहिरीच्या पाण्यावर मामांनी त्या वर्षी जास्त जमीन लागवडीखाली आणली होती. देशाला धान्य पाहिजे म्हणून तेही अभिमानात होते.

लढाई थांबली आणि थोड्याच दिवसांत शेतात मोजणीच्या, लाल डोक्याच्या खुंट्या दिसल्या. गव्हाच्या तयार केलेल्या वाफ्यांतून, मटारातून, आईच्या ज्वारीच्या पट्ट्यातून त्या सरळ रेषेत गेल्या होत्या. विहीर रेषेच्या आत, फॅक्टरीच्या बाजूला. मामा धावत कुंपणाशी आले, पण बाबा कामावर होते. ते आईला म्हणाले, "दीदी, जीजाजी से कहो, कोई गलती हो गई है. वे जाके बता देंगे तो सुधर जाएगी."

तो सोमवार होता. संध्याकाळी चूल बंद. आम्ही काळ्या कागदाच्या खिडकीपाशी बसलो होतो, अजून कोणी तो काढला नव्हता. आईनं बाबांना निरोप सांगितला. बाबा जोडे काढत होते. ते काढतच राहिले.

"चूक नाही झाली," ते म्हणाले.

आई खिडकीपासून उठून त्यांच्यासमोर आली. मग विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"नकाशा मीच काढला ना."

"कधी?"

"मागच्या दिवाळीत."

मागच्या दिवाळीत. म्हणजे हुरड्याच्या आधी. त्या वर्षीच्या ज्या भाऊबीजेला मामा पाटावर बसले होते आणि बाबा शेजारी चिवडा खात हसत होते, त्या भाऊबीजेलाही यांना माहीत होतं.

"मंग खोदा काहून म्हटलं?" आईचा आवाज चढला. "माहीत नाही म्हणायचं होतं!"

"नाही म्हणता येत तसं. गप्प राहिलो असतो तरी तो समजला असता. थांब म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. लिहून दिलंय मी, बाहेर बोलणार नाही म्हणून. लढाईचे दिवस आहेत."

"तेव्हा कुठे होती लढाई?"

"नोकरी गेली असती. हे घर गेलं असतं. कुठे जाऊन राहिलो असतो आपण, सांग ना."

  बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरी माणसाला फसवायला लावते, इथवर मी समजू शकते. पण ओंजळीनं पाणी प्यायला कोणी लावलं होतं? त्या विहिरीवर जायला नाही म्हणता आलं नसतं? ताप आला म्हणून घरी पडून राहता आलं नसतं? माझे भाऊ अजून म्हणतात, बाबा वाईट नव्हते, परिस्थिती तशी होती. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. परिस्थितीनं दोर नव्हता ओढला. बाबांनी ओढला होता, आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या माझ्या टाळ्याही त्यांनी फसवून घेतल्या होत्या.

ज्वारी फुलोऱ्यात होती तेव्हा तार लागली. मामांचं घर हललं. ते तिकडच्याच पाटन गावी, सासरी गेले, तिथे बायकोच्या भावांच्या जमिनीत राबायला. जो माणूस बहिणीच्या घरचं पाणी पीत नव्हता, तो बायकोच्या माहेरी जाऊन राहिला, ही त्यांच्यात केवढी नामुष्की, ते आम्हाला शेजारणींकडून कळलं. जाताना ते आमच्याकडे आले नाहीत. त्या भाऊबीजेला आईनं निरांजन लावलं, रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि फुंकर मारून विझवलं.

पुढची गोष्ट मी सुनेला कधीच सांगणार नाही. तारेच्या आत आधी वर्कशॉप येणार होतं. आलं, पण पलीकडे. विहिरीच्या बाजूला नव्या क्वार्टरच्या ओळी बांधल्या. बाबांना बढती मिळाली आणि त्यांतलं एक घर आम्हाला मिळालं. दोन खोल्या जास्त, मागे अंगण, आणि नळ. विहिरीला सिमेंटचा कठडा बांधून वर लोखंडी जाळी टाकली होती, मोटर बसवली होती. सगळ्या ओळीला पाणी तिचंच. आईनं पहिल्या दिवशी नळाखाली हंडा लावला आणि भरून वाहायला लागला तरी उचलला नाही.

पावसाळ्यात त्या अंगणात, न्हाणीच्या सांडपाण्याशी, ज्वारी उगवली. कोणी पेरली नव्हती. बाबा म्हणाले, "गवत वाढून राहिलं, काढून टाका." आईनं हातही लावू दिला नाही. कणसं पोपटांनी खाल्ली. हुरडा कोणी केला नाही. आगटी कुठे पेटवणार होतो, आणि कोणाच्या हातावर दाणे ठेवणार होतो?

त्यानंतरच्या थंडीत मामा आले. ओळखू येत नव्हते इतके वाळले होते. पाटनहून पहाटेच्या बसनं मटारचं पोतं आणलं होतं आणि ओळीत दारोदार विकत होते. जुन्या बाया त्यांना बघून बाहेर आल्या, त्यांच्याशी बोलल्या, आमचं नवं घर दाखवलं. रविवार होता, बाबा अंगणात पेपर वाचत होते. मामांनी पोतं खाली ठेवलं आणि वाकून बाबांच्या पायांना हात लावला, पूर्वीसारखाच.

आई सवयीनं तांब्या-भांडं घेऊन आली, आणि दारातच थांबली. तिलाच आठवलं की हा घेणार नाही. मामांनी तांब्याकडे बघितलं, मग पलीकडच्या कठड्याकडे.

"दीदी, जे पानी उसी कुएँ का है?"

आईनं मान हलवली.

"तो लाओ. जे तो हमारे घर का है, बहन के घर का थोड़ी है."

ते तांब्या वर धरून पाणी घटाघटा प्यायले. कितीतरी वर्षं आई ज्याची वाट बघत होती ते झालं, आणि ती तोंडात पदर कोंबून उभी होती. मामांनी मिशा पुसल्या आणि बाबांकडे बघून हसले. "मीठा निकला था ना, जीजाजी? सबसे पहले तुमने पिया था."

बाबा म्हणाले, "हो ना, मीठा है."

मग मामा मटार मापता मापता सांगायला लागले. भाऊ रोज भांडतात. लंगडा भाऊ तर बोलतच नाही. बोललाच तर म्हणतो, तुझा जीजाजी त्याच ऑफिसात होता, त्याला सगळं माहीत होतं, आणि त्यानं आपल्याला खड्ड्यात घातलं. "हम सबसे लड़ लेते हैं, जीजाजी. हमने कह दिया, जीजाजी को मालूम होता तो बता न देते?"

आणि त्यांचे हात थांबले. विचारलं नव्हतं त्यांनी. नुसते थांबून बाबांकडे बघत होते.

मला वाटलं, आता. आता लढाई नाही, शेत नाही, विहीर नाही, लपवायला काही उरलेलं नाही. आता तरी हा माणूस खरं बोलेल.

"अरे, मालूम होता तो बोलता नहीं क्या?" बाबा म्हणाले.

"हओ," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला बघवेना. त्यांनी आमच्या टोपलीत मापाच्या वर आणखी दोन ओंजळी शेंगा टाकल्या, पैसे काही केल्या घेतले नाहीत, आणि पोतं खांद्यावर टाकून पुढच्या दाराशी गेले.

मी स्वयंपाकघरात आईवर तुटून पडले. "तू काहून नाही बोलली? तू तर दारातच होती!"

आई टोपलीतल्या शेंगा खालीवर करत होती. "शेत गेलं. विहीर गेली," ती म्हणाली. "आता त्याचा जीजाजीही काढून घेऊ?"

त्या दिवशी तिनं मटारभात केला. त्याच नळाचं पाणी, पाटनचे मटार, वरून तुपाची धार. बाबा पाटावर बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वा. याला म्हणतात मटार. बाजारात मिळून नाही राहिला असा." मग त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी मागितला. आईनं वाढला. मी माझं ताट तसंच ठेवून उठले. त्यांनी मान वर करून विचारलं, "काहून गं, भूक नाही का?"